बर्फाचा लाडू

ताज्या बर्फाचा मुठीत लाडू वळता आला, तर उतार सुरक्षित. भुगा झाला, तर परत फिरायचं. हा नियम मी दोहात बसून पंधरा वर्षं लोकांना शिकवला. दोहात! जिथे बर्फ एक तर फ्रीजरमध्ये असतो, नाहीतर मासळीबाजारात हामूर माशांच्या खाली. आणि लोक ऐकायचे. माना डोलवायचे. एका गृहस्थांनी तर तो डायरीत उतरवून घेतला होता.

आता मी आजी आहे. गुडघे गेलेत, दात अर्धे माझे आणि अर्धे डॉक्टरांचे आहेत. त्यामुळे खरं बोलायला हरकत नाही. तो नियम माझा होता. बर्फाला तो माहीत नव्हता.

याची सुरुवात बावीस वर्षांच्या एका बयेपासून होते. तिला मी चांगली ओळखते, पण रस्त्यात भेटली तर ओळख दाखवणार नाही. पुण्याहून ती हिमालयात गिर्यारोहणाच्या कोर्सला गेली, ती काही डोंगरांच्या ओढीने वगैरे नाही. मैत्रीण निघाली होती, आणि उद्या पेपरात तिचा एकटीचा फोटो आला तर काय, या जळफळाटापायी. तिथे शिकवणाऱ्यांना सगळे उस्ताद म्हणत. आमचे उस्ताद बुटके, गप्प, नाकाचं कातडं उन्हाने सोललेलं. एकदा चढताना बर्फातून ‘धप्प’ असा आवाज आला, तर ते जागच्या जागी थांबले आणि बराच वेळ हललेच नाहीत. बयेने मागून त्यांची नक्कल केली. सगळे हसले.

मग दोन दिवस बर्फ पडला, आणि तिसऱ्या दिवशी उस्ताद सगळ्यांना खड्डा खणायला घेऊन गेले. ताजा बर्फ पडल्यावर उतारावर पाऊल टाकायच्या आधी खणून थर बघायचे असतात, कुठला थर कुठल्यावर बसलाय, खालचा वरच्याला धरून आहे की नाही, ते शिकवायला. संपूर्ण कोर्समधला हा एक दिवस खरा महत्त्वाचा. त्या दिवशी बयेचं पोट दुखत होतं. म्हणजे बोटं गारठली होती आणि आईने दिलेला चिवडा अजून शिल्लक होता. ती तंबूत झोपायच्या पिशवीत शिरून चिवडा खात पडली.

संध्याकाळी उस्ताद तंबूत आले. हातात पत्र्याचा मग. त्यांनी चिवड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“पेट कैसा है?”

“अभी ठीक है, उस्ताद.”

त्यांनी मगातला बर्फ माझ्या हातावर ओतला. “दबाओ.”

मी मूठ दाबली. तो बर्फ दबलाच नाही. जाड, टोकदार दाणे बोटांच्या फटींतून सरसर खाली निघून गेले.

“ये सबसे नीचे का है. ऊपर रजाई, नीचे चीनी. रजाई पे पाँव रखोगी तो रजाई कहाँ जाएगी?”

“उस्ताद, चीनी है तो चाय में डाल दूँ?” बया म्हणाली.

तंबू हसला. उस्ताद हसले नाहीत. रिकामा मग घेऊन ते निघून गेले. कोर्सचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात पोटदुखीचा उल्लेख नव्हता.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली, ती शाळेत जायला लागल्यावर आम्ही कतारला आलो. आमचे हे मातीपरीक्षणातले इंजिनीअर. सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एकदा मला साइट दाखवायला नेलं होतं. तिथे भरावाची ओलसर माती त्यांनी मुठीत दाबली, मूठ उघडली, गोळा टिकला. बोटाने टोचला, फुटला. “पास,” म्हणाले. मला ते फार आवडलं. एवढा शिकलेला माणूस, आणि करतो काय, तर लाडू.

त्यानंतरच्याच आठवड्यात अल गराफाला एकांच्या व्हिलात मराठी मंडळींचं जेवण होतं. कोणी काश्मीरचे फोटो दाखवत होतं. मी नेहमीप्रमाणे नाक वर करून म्हटलं, “तुम्ही घोड्यावर बसून आलात. आम्ही हिमालयात राहून शिकलोय.” त्यावर एक बाई अगदी सरळ मनाने विचारत्या झाल्या, “मग हो, बर्फाचा कडा कोसळणार की नाही, ते कसं ओळखतात?”

मला माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? मी चिवडा खात होते. पण ही बाई, म्हणजे बावीस वर्षांच्या बयेची चाळिशीकडे झुकलेली आवृत्ती, तिला ‘माहीत नाही’ हे दोन शब्द उच्चारताच येत नसत. ती उठली, यजमानांच्या फ्रीजरमधला बर्फ चमच्याने खरवडला, मुठीत दाबला, आणि वर धरून म्हणाली, “लाडू झाला? मग बिनधास्त जा.”

टाळ्या पडल्या. कोपऱ्यात पावभाजीची ताटली मांडीवर घेऊन माझी मुलगी बसली होती. नऊ-दहा वर्षांची. ती तोंडाचा आ करून आईकडे बघत होती.

त्या पोरीचं लग्न झालं, तोवर कतारला वर्ल्डकपचं यजमानपद मिळून काही वर्षं लोटली होती आणि सगळं शहर उकरून ठेवलेलं होतं. काल होता तो रस्ता आज नसायचा. आमच्या अल अझीझियाच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरातून क्रेनच क्रेन दिसत. खिडकी पुसली की तासाभरात पुन्हा धूळ. हे पहाटे पाचला जायचे आणि अंधार पडल्यावर मातीचे बूट दारात काढायचे. बूट आत आणले तर माझं तोंड सुरू व्हायचं.

मुलीची लग्नानंतरची पहिली संक्रांत. पहिल्या संक्रांतीला काळी साडी, हलव्याचे दागिने, हळदीकुंकू. मी ठरवलं होतं, दागिने विकतचे नाहीत, घरी करायचे. पण तिला आणि जावयाला सुट्टी नेमकी तेव्हाच मिळाली, आणि दोघं काकेशसच्या डोंगरात निघाली. जावई नाशिकचा, शाळेपासून किल्ले चढणारा. त्याला वाळवंटात दोन वर्षं डोंगर दिसला नव्हता. दोहाहून सरळ विमान आहे, चार तासांत बर्फ. “आई, रथसप्तमीपर्यंत चालतं ना? मग आल्यावर करू,” म्हणाली. मी म्हटलं जा.

ती गेल्यावर मी हलवा करायला बसले. ज्यांनी केला नाही त्यांना सांगते. परातीत तीळ घ्यायचे, खाली मंद आच, आणि साखरेचा पाक चमचा-चमचा सोडत बोटांनी फिरवत राहायचं. तास नाही, दिवस लागतात. हळूहळू प्रत्येक तिळावर साखर चढते आणि तिला काटे फुटतात. काटा यायला थंडी लागते. दोहाच्या जानेवारीवर माझा भरवसा नव्हता, म्हणून एसी अठरावर लावून, वर स्वेटर घालून मी बसले होते. चौथ्या दिवशी दागिने गुंफायला घेतले. बांगड्या झाल्या होत्या, बाजूबंद झाले होते, हार अर्धा झाला होता. परातीत अजून ओंजळ-दोन ओंजळ हलवा होता.

सकाळी सव्वाआठला फोन टुणकला. मुलीचा आवाजी निरोप. आमच्या लेकीचं मराठी इंग्लिश शाळेतून पाझरून आलेलं, तसंच लिहिते.

“आई, गुड मॉर्निंग! दोन दिवस नुसता स्नो पडला, आणि आज एकदम निळं आकाश. गाइड म्हणतो दोन दिवस थांबा, बट तो जरा भित्राच आहे, आणि परवा आमची फ्लाइट आहे. सो आम्ही दोघंच निघालोय. वरच्या उतारावरून पलीकडे एक जुनं चर्च आहे, तिथपर्यंत. डोन्ट वरी, मी तुझी लाडू टेस्ट केली! परफेक्ट लाडू, आई. तुझा बेसनाचासुद्धा एवढा छान वळत नाही. आता पूल ओलांडला की नेटवर्क नाही. बाय!”

लाजिरवाणं आहे, पण लिहिते. पहिल्यांदा मला राग आला तो बेसनाचा.

मी निरोप पुन्हा लावला, बेसनाचं नीट ऐकायला. आणि या वेळी ‘गाइड म्हणतो दोन दिवस थांबा’ हे ऐकू आलं. माझा हात परातीत होता. मूठभर हलवा उचलला होता, गुंफायला. निरोप ऐकताना मूठ आपोआप आवळली गेली आणि काटेरी दाणे बोटांच्या फटींतून सरसर परातीत निघून गेले.

तंबू आठवला. पत्र्याचा मग आठवला. ‘दबाओ’ आठवलं. इतक्या वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं.

भीती पोटात येते म्हणतात. मला ती तळहातात आली.

फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मग निरोप पाठवला, “थांब, जाऊ नकोस, फोन कर.” एकच टिक, करडी. दुसरा पाठवला. करडी. असे एका मागोमाग नऊ झाले, आणि नऊच्या नऊ निरोपांपुढे एकेकच टिक, रांगेत उभी. मग यांना साइटवर फोन केला. मागे कसलं तरी यंत्र धडधडत होतं.

“अहो, मुठीत गोळा होतो ना, त्यावरून उतार घसरेल की नाही ते कळतं?”

“कसला उतार?”

“बर्फाचा.”

“बर्फाचा काय संबंध? ते मी भरावाच्या मातीला करतो. पाणी किती आहे बघायला. कोणी सांगितलं?”

“मी.”

“कोणाला?”

मी सांगितलं. निरोपात काय होतं तेही सांगितलं. यंत्राचा आवाज लांब गेला. बहुतेक ते चालत बाजूला आले असावेत.

“गोळा होतोय म्हणजे वरचा थर एकमेकाला धरून आहे,” ते म्हणाले. “धरून आहे म्हणजे सुटला तर सगळा एकदम सुटणार. प्रश्न तो नाहीच. खाली काय आहे? तिने खाली बघितलं का?”

“मी खालचं कधी सांगितलंच नाही.”

“अगं, वरची मूठभर माती बघून मी खालची जमीन पास केली, तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील.”

“मग इतकी वर्षं माझं ऐकत होतात ते? तेव्हा का नाही बोललात?”

“मला वाटलं, तू गंमत करतेस.” मग म्हणाले, “मी येतो.”

या माणसाने सगळ्या नोकरीत कधी दुपारच्या आधी साइट सोडली नव्हती. मला ताप आला तरी नाही. ‘मी येतो’ ऐकून मी लेकीला पुन्हा फोन लावला, तो लागला नाही. मी खालीच बसले, परातीजवळ.

तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधली आपा आली. रत्नागिरीची. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, मला बाय म्हणायची. तिचे मिस्टर स्टेडियमच्या कामावर क्रेन चालवायचे. वारा सुटला की क्रेनचा लांब हात मोकळा सोडतात, वाऱ्याबरोबर फिरू देतात, तशी पद्धत असते. आणि आपा तेवढ्यासाठी माझ्या खिडकीशी येऊन उभी राहायची. हात मोकळा फिरताना दिसला की आपला माणूस खाली उतरला असं समजून चहा प्यायची. त्या दिवशी ती हार गुंफायला आली होती.

“काय झाला गो बाय? अशी का बसलीस?”

मी सगळं सांगितलं. चिवड्यासकट. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “खोटा तुझा, जीव पोरीचा. रडतेस काय? त्या घराचा नंबर हाय ना?”

होता. फ्रिजवर चुंबकाखाली, लेकीच्या अक्षरात. गेस्टहाउसच्या मालकिणीचा. मी घरच्या फोनवरून लावला. एका म्हातारीने उचलला. तिला इंग्लिश येत नव्हतं, हिंदीचा प्रश्नच नव्हता. मी ओरडत होते, “माय डॉटर! स्नो! नो गो! खलास, खलास!” ती पलीकडून काहीतरी लांबलचक विचारत होती. मी हिमालयात राहून शिकलेली बाई, माझ्या तोंडून वाक्य फुटेना.

आपाने फोन हिसकावला आणि सरळ आपल्या बोलीत हंबरडा फोडला, “आये, पोर वर गेलीय गो आमची! तिला मागे हाक मार! मागे हाक मार तिला!”

मग म्हातारीने एकच शब्द विचारला, “देदा?” त्याचा अर्थ आई, हे मला पुष्कळ नंतर कळलं. आपाने काही न कळता “हो, हो” म्हटलं. रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, आणि पावलं. फोन तसाच चालू. मी तो कानाला लावून बसले होते. त्यातून लांबवर कोंबडा आरवत होता.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. आपा हार पुढे गुंफत होती. एकेक दाणा दोऱ्याच्या फासात अडकवून गाठ. मी म्हटलं, “आपा, नको. थांब.” मग म्हटलं, “नाही, कर.” हार अर्धा सोडलेला वाईट की पूर्ण केलेला वाईट, तेच ठरेना. काळ्या चंद्रकळेवर पांढऱ्या बांगड्या ठेवल्या होत्या. मला त्या तिथे बघवेनात. मी साडीची घडी उलटून त्यांच्यावर टाकली. पांढऱ्यावर ते काळं पडलं आणि ते आणखी बघवेना.

मोबाइल वाजला.

“आई? नऊ मेसेजेस! काय झालं? बाबा ठीक आहेत ना? गाइड पळत आला मागून, शिट्ट्या मारत, आम्हाला पुलापर्यंत परत आणलं, पण काही सांगत नाहीये, नुसता तुझ्याकडे बोट... म्हणजे फोनकडे बोट दाखवतोय.”

“बाबा ठीक आहेत. तू कुठेयस? उतारावर गेलीस?”

“अगं नाही, आता पोचतच होतो. काय झालं?”

“लाडू टेस्ट खोटी आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मी बनवली.”

“बनवली म्हणजे?”

“लाडवासारखीच. बसल्या बसल्या. तुझ्या बाबांचं मातीचं बघून. खड्डा खणायच्या दिवशी मी तंबूत चिवडा खात होते. मला बर्फातलं काही कळत नाही.”

पलीकडे वारा ऐकू येत होता. मागून जावयाचा आवाज आला, “काय म्हणतायत आई?”

“आई, आम्ही गाइडला नाही म्हटलं,” ती म्हणाली. आवाज एकदम लहान झाला होता, पावभाजीच्या ताटलीएवढा. “तुझ्या टेस्टवर.”

“हो गं. म्हणून सांगते, परत फिर. वरचा थर घट्ट असला तरी खाली सुट्टे दाणे असले तर—”

“आणि हे? हेही तूच बनवलेलं नाही कशावरून?”

आपाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

“माझं मानू नकोस,” मी म्हटलं. “खणून बघ. गाइडकडे फावडं आहे? उतारावर नाही, तिथेच पुलापाशी, त्याच दिशेला तोंड असलेला एखादा छोटा उंचवटा असेल तिथे. पार जमिनीपर्यंत खण आणि सगळ्यात खालचा बर्फ हातात घे.”

फोन कुणाच्या तरी हातात गेला. फावड्याचा आवाज. गाइड काहीतरी म्हणाला, बहुधा ‘मी सकाळपासून हेच सांगत होतो’ असं त्याच्या भाषेत. मग लेक बोलू लागली, धापा टाकत.

“वरचं घट्ट आहे. ब्लॉकच निघतोय. माझ्या कमरेएवढं... अजून घट्ट... आई, फावडं एकदम आत गेलं. काही लागलंच नाही.”

“ते घे. मुठीत घे. दाब.”

मी डोळे मिटले. आपाने परातीत हात घातला होता. का, ते तिलाही माहीत नसावं.

“होत नाहीये. लाडू होत नाहीये. सगळं सुटतंय बोटांतून. मोठे दाणे आहेत, काटे आहेत त्यांना. आई...” ती थांबली. “आई, हा तर हलवा आहे.”

“या अल्ला,” आपा म्हणाली.

जावयाने फोन घेतला. तो वाईट मुलगा नाही, पण डोंगर दिसत होता ना त्याला. “आई, पण ही पुलाजवळची जागा आहे. वर वेगळं असू शकतं.”

“असू शकतं,” मी म्हटलं. “चांगलं असेल. याहून वाईटही असेल. मला माहीत नाही.” बर्फाबद्दल हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा बोलले. “एवढंच सांगा, सकाळी चालताना कुठे ‘धप्प’ असा आवाज आला होता?”

मागून लेक म्हणाली, “आला होता. सोफ्यावर कोणी बसल्यासारखा. तू म्हणालास, किती मस्त साउंड आहे!”

आणि फोन तुटला.

परत लावला, लागला नाही. निरोप पाठवला, एकच टिक. म्हणजे ती दोघं पुलापासून हलली होती. पण कुठल्या बाजूला? खाली गावाकडे, की वर? गेस्टहाउसजवळ तरी नेटवर्क आहे का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पंधरा वर्षं व्याख्यानं दिली, पण हा एक प्रश्न विचारला नाही.

हे आले. बूट घालून तसेच आत आले, गालिच्यावर मातीचे ठसे उमटले, मी काही बोलले नाही. त्यांना सगळं सांगितलं. “धप्प म्हणजे खालचा थर वजनाने बसला,” ते म्हणाले. ते परातीपाशी मांडी घालून बसले. थोड्या वेळाने त्यांनी परातीतला हलवा बोटांनी सारखा पसरला, त्यावर स्वयंपाकघरातला पांढरा रुमाल घडी करून ठेवला, आणि परात एका बाजूने हळूहळू उचलू लागले. काही होईना. अजून थोडी उचलली. काही होईना. मग आवाज न करता रुमाल अख्खाच्या अख्खा घसरला आणि हलव्याचे चार दाणे गालिच्यावर उडाले.

“तीस-पस्तीस,” ते स्वतःशीच म्हणाले. परातीच्या कलाचा कोन.

“बंद करा ते!” मी त्यांच्या हातावर चापट मारली. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांनी परात खाली ठेवली.

मग तिघं बसून राहिलो. आपा मधूनच खिडकीकडे बघायची. क्रेनचा हात त्या दिवशी स्थिर होता, वारा नव्हता. मला वाटत होतं, ही रोज अशी बसते. रोज. आणि मी हिला डोंगरातल्या गोष्टी सांगायचे, शूरपणाच्या.

पाऊणेक तासाने टिक दुहेरी झाली. मग निळी. मग एक ओळ आली, ‘गेस्टहाउसला परत. सूप पितोय.’

आपा उठली आणि चहा ठेवायला गेली. हे बूट काढायला दारात गेले. मी काय केलं? मी उत्तर लिहिलं, ‘माझ्या बेसनाला काय झालंय?’ दुसरं काही लिहायला हात धजला नाही.

यावर तुम्हाला वाटेल की नंतर तो उतार कोसळला. नाही कोसळला. त्याच दुपारी चार परदेशी तरुण त्या उतारावरून चर्चपर्यंत गेले, फोटो काढले, आणि गाणी म्हणत परत आले. जावयाने ते खिडकीतून पाहिलं, आणि पुढे कित्येक वर्षं तो मला हे ऐकवायचा. “आई, काहीसुद्धा झालं नाही हो त्यांना!” मीही हसायचे. पण खरं सांगू? यानेच मी जास्त घाबरले. माझा फोन लागला नसता, तर तीही गेली असती, कदाचित सुखरूप परत आली असती, आणि माझा लाडू खरा ठरला असता. मग मी तो आणखी चार पोरांना शिकवला असता. त्यांच्यातलं कोणीतरी कधीतरी कुठल्यातरी उतारावर मूठ उघडून हसत पाऊल टाकलं असतं.

विमानतळावर लेकीने मिठी मारली नाही. गाडीत मागे बसून, खिडकीबाहेर बघत म्हणाली, “तुझं ऐकून परत नाही फिरले मी. हातातलं बघून फिरले.” मी “हो” म्हटलं. पुढचा रस्ता खणला होता, वळसा घालून घरी आलो.

रथसप्तमीच्या आधी हळदीकुंकू केलं. काळ्या चंद्रकळेवर हलव्याचे दागिने घालून लेक बसली. फार सुंदर दिसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. बायका जमल्या. वाण लुटून झालं, तिळगूळ झाला, आणि अल गराफाच्या त्याच बाई, ज्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, म्हणाल्या, “अहो, लेक बर्फातून आली, दाखवा ना सगळ्यांना तुमची ती लाडू टेस्ट!”

लेकीने आता मात्र माझ्याकडे पाहिलं.

“ती खोटी आहे,” मी म्हटलं. “मी बनवली होती. मला बर्फातलं काही येत नाही.”

बायका खो-खो हसल्या. “काय बाई तुमच्या गमती!” एक म्हणाली, “विनय बघा विनय.” मी पुन्हा म्हटलं, “नाही हो, खरंच.” त्या आणखी हसल्या. पंधरा वर्षं खोटं बोलले ते खरं मानलं, आणि एकदा खरं बोलले तर टाळ्या.

लेक उठली. बांगड्या किणकिणल्या नाहीत, हलव्याच्या होत्या. तिने चांदीच्या वाटीतला मूठभर हलवा घेतला आणि अल गराफाच्या बाईंच्या हातावर ओतला.

“दाबा, काकू. लाडू करा.”

बाईंनी हसत हसत मूठ दाबली. दाणे बोटांतून सरसर गळून गालिच्यावर पडले. “होत नाही गं,” त्या म्हणाल्या. त्यांचं हसू अजून ओठांवर होतं.

“वरती तुमच्या घराएवढा बर्फ होता,” लेक म्हणाली, “आणि तो सगळा ह्याच्यावर उभा होता. आईच्या टेस्टमध्ये तो पास झाला होता.”

मग कोणीतरी सरबताचं विचारलं.

तो हलवा मी त्याच दिवशी वेचला, झाडला, धूळ ओढायचं यंत्र फिरवलं. तरी गालिच्यात कुठे कुठे राहिलाच. पुढे कित्येक महिने एखादा दाणा निघायचा. पहाटे हे कामावर गेले की मी अनवाणी खिडकीशी जायचे, क्रेन बघायला, आपाची सवय मला लागली होती. आणि मध्येच पायाला काटा टोचायचा. टोचला की मी जागच्या जागी थांबायचे. ‘धप्प’ ऐकून उस्ताद थांबले होते तशी. पाय न हलवता, कान देऊन.